‘तुमचा काय संबंध?’ आणि ‘आता काय उपयोग?’

शेतीची कामे उरकली की आमच्या पडवीत माणसांची वर्दळ वाढते. कोणी लग्नाची तारीख ठरवायला येतो, कोणी घरातल्या आजाऱ्यासाठी मिस्सा सांगायला येतो. आणि दरवर्षी एकदोघे असे येतात की ज्यांच्या हातात बाटली असते. बाटलीत ओहोळाचे किंवा विहिरीचे पाणी. ‘फादर, हे बघा. गुरे तोंड लावीत नाहीत.’ आम्ही बाटली उजेडात धरून पाहतो, वास घेतो. पाण्याची परीक्षा करण्याचे शिक्षण आम्हांस सेमिनरीत मिळाले नाही. परंतु तांबूस पाणी आणि स्वच्छ पाणी यांतला फरक कळण्यास शिक्षण लागत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक शेतकरी भर आवणीच्या दिवसांत आला होता. त्याच्या बांधालगतच्या नाल्याला एका कारखान्याचे पाणी आले होते आणि खालच्या दोन वाफ्यांतले रोप पिवळे पडले होते. आम्ही त्याला सबुरीचा सल्ला दिला. आवणी होऊ द्या, भात घरात येऊ द्या, नाताळ होऊ द्या, मग वकिलाकडे जाऊ. नाताळ झाला, उपवासकाळ झाला, ईस्टरनंतर आम्ही दोघे वकिलाकडे गेलो. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाणी पहिल्यांदा कधी आले?’ जुलैत, असे सांगताच त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि मान हलविली. शिवाय कारखान्याने मधल्या काळात ते तोंड बुजविले होते. ‘आता ते पाणी सोडीतच नाहीत; मग कोर्टाने थांबवायचे तरी काय?’ नुकसानभरपाई मागता येईल, असे ते म्हणाले. पण त्याला कागद हवा, आणि कागद एकही नव्हता. ना अर्जाची पोच, ना तपासणीची चिठ्ठी, ना फोटो. सल्ला आमचा होता, तेव्हा दोषही आमचाच. त्या दिवसापासून या विषयाचा आम्ही थोडा अभ्यास केला. तो येथे मांडीत आहोत.

हवा, पाणी, जमीन यांविषयी कोणी कोर्टात गेला की त्याला दारातच दोन प्रश्न विचारले जातात. पहिला : तुमचा काय संबंध? म्हणजे, दाद मागण्याचा अधिकार तुम्हांला आहे का? दुसरा : आता काय उपयोग? म्हणजे, ज्याविषयी तक्रार आहे ती गोष्ट अजून शिल्लक आहे, की होऊन गेली? या दोन प्रश्नांची उत्तरे देता आली, तरच खरे-खोटे काय ते पाहण्याची वेळ येते. आपल्या लोकांना पहिल्या प्रश्नाची धास्ती फार असते. ‘आम्ही अडाणी माणसे, आम्हांला कोर्ट कशाला विचारील?’ आमचे मत असे झाले आहे की ही भीती चुकीच्या दाराची आहे. आपल्या देशात पहिले दार बरेच रुंद आहे. माणसे अडतात ती दुसऱ्या दारात.

पहिल्या दाराचे आधी पाहू. जुना नियम असा होता की ज्याला स्वतःला इजा झाली त्यानेच कोर्टात यावे. परंतु १९८१ साली सुप्रीम कोर्टाने एस. पी. गुप्ता खटल्यात असे ठरविले की, गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे ज्यांना कोर्टापर्यंत पोहोचता येत नाही त्यांच्या वतीने कोणीही सद्भावनेने दाद मागू शकतो. त्याचा लाभ आपल्या शेजारच्या डहाणूला झाला. तेथील चिकूच्या वाड्या व किनारा यांच्या रक्षणासाठी सुप्रीम कोर्टात गेलेले बिट्टू सहगल हे मुंबईत मासिक चालविणारे गृहस्थ होते, डहाणूचे बागायतदार नव्हेत. तुमची वाडी कुठे आहे, असे म्हणून त्यांना परत पाठविले गेले नाही. १९९६ साली कोर्टाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले.

२०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या १८ व्या कलमात अर्ज कोणी करावा हे सांगितले आहे : ज्याला इजा झाली तो, ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तो मालक, मयताचे वारस, आणि त्यापुढे ‘बाधित झालेली कोणतीही व्यक्ती’, संस्थासुद्धा. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावरील बांधकामाविरुद्ध परदेशी नागरिकत्व घेतलेल्या एका स्त्रीने पुण्याच्या खंडपीठाकडे अर्ज केला तेव्हा, ही भारताची नागरिकच नाही, हिला अधिकार कसला, अशी हरकत घेण्यात आली. २०१४ साली खंडपीठाने ती फेटाळली. कायद्यात ‘व्यक्ती’ म्हटले आहे, ‘नागरिक’ म्हटलेले नाही. मग ज्याचे नाव सात-बाराला आहे आणि ज्याच्या विहिरीत पाणी उतरले आहे, त्याने का कचरावे? दमणगंगा आपल्याकडून खाली जाते तेथे वापीच्या सांडपाण्याविषयी एका संस्थेने अर्ज केला, आणि ११ जानेवारी २०१९ रोजी न्यायाधिकरणाने तेथील सामुदायिक प्रक्रिया केंद्राला १० कोटी रुपये अंतरिम भरपाई म्हणून भरण्यास सांगितले.

मात्र दार रुंद असले तरी दारात उभा राहणारा माणूस कोण, हे कोर्ट पाहते. सुभाष कुमार नावाच्या गृहस्थाचा बिहारमधील खटला सांगण्यासारखा आहे. कोळसा धुण्याच्या कारखान्यांमुळे बोकारो नदी नासते, अशी त्यांची तक्रार. तक्रार ऐकून कोणालाही वाटेल की हा नदीचा कैवारी. पुढे उघडकीस आले की हे स्वतः त्याच कारखान्याकडून कोळशाचा गाळ विकत घेणारे व्यापारी. त्यांना जास्त गाळ हवा होता, तो मिळेना, म्हणून नदीचा पुळका. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने अर्ज फेटाळला आणि वर ५,००० रुपये खर्च भरायला लावला. पण त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटले की, स्वच्छ पाणी व हवा मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. हे वाक्य आज देशभर वकील वापरतात. म्हणजे माणूस हरला, नदी जिंकली. आपल्याकडेही ‘केस करतो’ म्हणून कारखान्याकडे जाणारे आणि पाकीट घेऊन परत येणारे महाभाग आहेत, हे आम्ही लपवून काय उपयोग? अशा एकामुळे पुढच्या दहा खऱ्या शेतकऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते.

आणखी एक गोष्ट. ‘तुमचा काय संबंध?’ हा प्रश्न कोर्टापेक्षा गावच जास्त जोरात विचारते. एका घरात बाप भात लावतो आणि मुलगा मसाट, पिपरिया किंवा खडोलीला शिफ्टला जातो. बापाने अर्जावर नाव घातले तर मुलाच्या नोकरीचे काय? हा प्रश्न खोटा नाही, आणि आम्ही त्यास भित्रेपणा म्हणणार नाही. कारखान्यांच्या पगारावर आपल्या कित्येक घरांत मुलांचे शिक्षण झाले आहे. म्हणूनच कायद्याने संस्थेला अर्जाची मुभा दिली आहे. एका घराने मान पुढे करण्याऐवजी पाड्यातल्या वीस घरांनी मिळून, मंडळाच्या नावाने अर्ज करावा.

आता दुसरे दार. हे समजण्यासाठी लांब जायला नको, आपल्याच भूमीची गोष्ट आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. दमणहून येथे येण्याचा आपला हक्क भारताने अडविला, अशी फिर्याद पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेली. निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. न्यायालय म्हणाले की, खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. पोर्तुगालला काही अंशी हक्क मिळाला खरा, पण जेथे जाण्याचा हक्क तेथे त्यांचे राज्यच उरले नव्हते! आपण त्याबद्दल आनंदी आहोत, हे वेगळे सांगायला नको. पण कागदावर हक्क मिळणे आणि तो वापरण्याजोगा असणे यांत किती अंतर असते, हे सेलवासच्या माणसाने तरी विसरू नये.

पर्यावरणाच्या खटल्यांत हे अंतर शेतकऱ्याच्या वाट्याला येते. नर्मदेचे उदाहरण घ्या. सरदार सरोवराला पर्यावरणाची मंजुरी मिळाली १९८७ साली. नर्मदा बचाव आंदोलन सुप्रीम कोर्टात गेले १९९४ साली. १८ ऑक्टोबर २००० रोजी निकाल देताना बहुमताने म्हटले की, मंजुरीला आव्हान देण्यास फार उशीर झाला आहे, आता पुनर्वसनाचे तेवढे पाहू. न्यायमूर्ती भरुचा यांनी वेगळे मत दिले. परंतु ते एकटे होते. अक्राणी, अक्कलकुव्याच्या आदिवासींचे दुःख खरे की खोटे, असा प्रश्न कोणी केला नाही. घड्याळाने निकाल लावला.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे, अंकलेश्वर भागातले. मंजुरी न घेताच चालू झालेल्या कारखान्यांना मागाहून मंजुरी घेण्याची सवलत देणारे परिपत्रक केंद्रीय मंत्रालयाने १४ मे २००२ रोजी काढले. बडोद्याचे रोहित प्रजापती यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. जानेवारी २०१६ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने परिपत्रक बेकायदा ठरवून कारखाने बंद करण्यास सांगितले. कारखानदार सुप्रीम कोर्टात गेले. तोवर त्यांना मंजुऱ्या मिळून गेल्या होत्या, माणसे कामाला लागली होती, भांडवल गुंतले होते. १ एप्रिल २०२० रोजी कोर्टाने सांगितले की, मागाहून मंजुरी ही कल्पनाच पर्यावरणाच्या कायद्यात बसत नाही. पण आता कारखाने बंद करणे योग्य होणार नाही. तीन कारखान्यांना प्रत्येकी १० कोटी रुपये भरण्याचा हुकूम झाला. यात एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ‘आता मंजुरी मिळाली आहे, तेव्हा वाद संपला’ असे कोर्ट म्हणाले नाही. परंतु १८ वर्षांनी चालता कारखाना थांबविणे कोणत्याही न्यायाधीशाला जड जाते, हेही तितकेच खरे.

मागाहून मंजुरीचा हा झगडा पुढेही चालूच राहिला. मे २०२५ मध्ये ‘वनशक्ती’ या मुंबईच्या संस्थेच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने अशा सवलती रद्द केल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. आम्ही वकील नाही, तेव्हा यावर पांडित्य करीत नाही. एवढेच दिसते की जे बांधून झाले आहे ते पाडायला कोणाचाच हात उचलत नाही.

आता कारखान्याने तोंड बुजविले, त्याचे काय? तपासणीच्या आठवड्यात नाला स्वच्छ आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा काळा, हा अनुभव कोणाला नाही? या बाबतीत अमेरिकेतील न्यायालयांचा एक जुना दंडक आम्हांस पटला. प्रतिवादीने आपण होऊन कृत्य थांबविले म्हणजे खटला संपत नाही. तो पुन्हा तसे करणार नाही याची खात्री पटली पाहिजे, आणि ती पटविण्याचे ओझे त्याच्यावर. गंमत अशी की २०२२ साली याच दंडकाचा फायदा कोळशाच्या बाजूला मिळाला. वीजकेंद्रांच्या धुराविषयीचा २०१५ चा नियम कधी अमलातच आला नव्हता आणि सरकार तो परत आणणार नव्हते. तरी वेस्ट व्हर्जिनिया राज्य व कोळसा कंपन्या यांचा अर्ज तेथील सुप्रीम कोर्टाने निरर्थक मानला नाही. जून २०२५ मध्ये त्याच कोर्टाने, कॅलिफोर्नियाच्या मोटारींच्या धुराविषयीच्या नियमांमुळे आपला खप घटतो असे म्हणणाऱ्या इंधन कंपन्यांनाही दाद मागण्याचा अधिकार आहे, असे ठरविले. तेलवाल्यांना दोन्ही दारे उघडी होतात, याचे आम्हांस वैषम्य नाही. त्यांनी कागद जपले होते, तारखा पाळल्या होत्या. आमच्या शेतकऱ्याकडे बाटली होती.

शास्त्रात नाबोथाची गोष्ट आपण ऐकली आहे. राजा अहाबाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथ दगडमाराने मेला आणि राजा मळ्याचा ताबा घेण्यास गेला. एलीया संदेष्टा तेथे पोहोचला तेव्हा कायद्याच्या भाषेत सर्व आटोपले होते. फिर्यादी मेलेला, जमीन गेलेली. तरीही देवाने एलीयाला पाठविलेच. आम्हांस वाटते की, कोर्टांनीही ‘आता काय उपयोग’ हे वाक्य फार जपून उच्चारावे. कारखान्याचे तोंड बुजले तरी वाफ्यातला गाळ तेथेच असतो, विहिरीत उतरलेले पाणी तेथेच असते, पोरांच्या अंगावरचा पुरळ तेथेच असतो. नुकसान चालू आहे तोवर वाद मेलेला नाही.

कायद्यातही याला वाट आहे, आणि ती डहाणूने दाखविली. तेथील औष्णिक वीजकेंद्राविरुद्ध स्थानिक लोकांची संस्था १९९१ साली सुप्रीम कोर्टात हरली. केंद्र उभे राहिले. वाद संपला असे म्हणून लोक घरी बसले असते तर कोणी दोष दिला नसता. पण धुरातील गंधक काढण्याचे संयंत्र बसविण्याची जी अट मंजुरीत होती, ती लोकांनी सोडली नाही. प्राधिकरणापुढे तारखांमागून तारखा झाल्या आणि अखेर २००७ साली ते संयंत्र चालू झाले. कोर्टात हरल्यावर १६ वर्षांनी! चिकूच्या बागायतदारांचा हा चिवटपणा पाहिला की लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा आठवते. ती सबुरीने बसली नव्हती. रोज न्यायाधीशाच्या दारात जात होती.

म्हणून आता आमचा सल्ला बदलला आहे. पहिल्या दिवशीच वहीत तारीख लिहा : पाणी कोणत्या रंगाचे, वास कसा, कोणी पाहिले. प्रदूषण नियंत्रण समितीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच शिक्क्यासह घ्या. पोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेले बी. पोराला पुरळ उठला तर दवाखान्याची तारीख असलेली चिठ्ठी जपून ठेवा. औषध संपले म्हणून ती चुलीत घालू नका. हरित न्यायाधिकरणाकडे तक्रारीची मुदत कारण ‘पहिल्यांदा’ घडल्यापासून सहा महिने आहे, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. ‘पहिल्यांदा’ हा शब्द तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करावा असा आहे. मंजुरीविरुद्ध अपील करायचे तर ३० दिवस आणि फार तर आणखी ६०. त्यापुढे न्यायाधिकरणाचाही इलाज चालत नाही. मंजुरी लोकांना कळविली गेल्यापासून हे दिवस मोजावेत असा २०१३ चा निकाल आहे, म्हणून वर्तमानपत्रातील ती बारीक अक्षरांची जाहिरात कापून ठेवावी. नुकसानभरपाई व जमीन पूर्ववत करून देणे यांसाठी मात्र पाच वर्षे आहेत. अर्जात ही मागणी अवश्य घाला. नुसते ‘थांबवा’ म्हणाल तर त्यांनी थांबविल्यावर तुमच्या हाती काही राहत नाही. ‘भरून द्या’ म्हणाल तर वाद जिवंत राहतो.

आपला भाग पुण्याच्या खंडपीठाखाली येतो. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये. मागितली तर रकमेच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. नियम किंवा अधिसूचनाच चुकीची आहे असे म्हणणे असेल तर ते न्यायाधिकरणाचे काम नव्हे, त्यासाठी मुंबई हायकोर्ट. न्यायाधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकते, असे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले आहे. पण दुसऱ्याने आपण होऊन यावे या आशेवर भात पिकत नाही.

सर्वांत स्वस्त दार तर कोर्टाच्याही आधीचे आहे. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते त्यांची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते, आणि तेथे हजर असलेल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, परिणामांचा अभ्यास योजना पक्की झाल्यावर नव्हे तर आधीच व्हावा आणि स्थानिक लोकांना त्या चर्चेत विशेष स्थान असावे, असे सांगितले आहे. अशा सुनावणीला आपले लोक जेवणासाठी जातात, असे आम्ही ऐकतो. जेवा, पण बोलून या, आणि बोललेले इतिवृत्तात उतरले की नाही ते पाहून या.

पुढील महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही पडवीत वही घेऊन बसणार आहोत. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आम्ही लिहून देऊ. बाटली आणलीत तरी चालेल. बाटलीवर तारीख घातलेली असावी.